इंटरनेट कॉल तुटतोय? आधी घड्याळ लावा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी नेटवर्क आणि सीसीटीव्हीची कामं करतो. "मोबाइलवरचा नेट-कॉल तुटतोय, प्लॅन वाढवून देता का?" असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेला. पूर्वी मी अशा ठिकाणी जाऊन आधी स्पीड टेस्ट लावायचो. आता गाडी काढण्याआधी फोनवरच दोन गोष्टी विचारतो. कॉल नेमका कितव्या सेकंदाला तुटतो? आणि आवाज कोणाचा कोणाला जात नाही?

हे विचारण्यामागं कारण आहे. इंटरनेटवरून बोलण्याच्या पद्धतीत जागोजागी वेळेच्या मुदती ठरवून ठेवल्यात. कुठली मुदत संपली की कॉल पडतो हे कळलं, तर बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते निम्मं कळलं. "मधेच कट होतो" एवढ्यावरून काहीच सापडत नाही. "दर वेळी अर्ध्या मिनिटानं कट होतो" म्हणालात की मला राउटरचा मेनू डोळ्यांसमोर दिसतो.

बत्तीस सेकंदांचा कॉल

उद्यमनगरात एक काका फौंड्रीसाठी पॅटर्न बनवतात. पुण्यातल्या एका कंपनीचं काम त्यांच्याकडं असतं, आणि त्या कंपनीनं ऑफिसच्या एक्स्चेंजचं एक्स्टेन्शन काकांच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये घालून दिलंय. म्हणजे पुण्याहून ड्रॉइंगबद्दल काही विचारायचं झालं की थेट वर्कशॉपमध्ये रिंग वाजते. त्यांची तक्रार अशी होती: "आपण लावलेला फोन तासभर चालतोय. त्यांचा आलेला तेवढाच कट हुतोय. माप सांगायला सुरुवात केली की गेलाच!"

या एका तक्रारीवर मी त्यांना आधी ५० चा प्लॅन १०० एमबीपीएसचा करायला लावला होता, आणि त्यानं फरक पडेना म्हणून राउटरही बदलायला लावला. पैसे काकांचे गेले, निदान माझं चुकलं होतं. तिसऱ्या खेपेला मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिलो आणि पुण्याहून लागोपाठ तीन कॉल करायला सांगितलं. तिन्ही कॉल उचलल्यापासून बत्तिसाव्या सेकंदाला पडले. नेट खराब असतं तर एक दहाव्या सेकंदाला पडला असता, दुसरा चार मिनिटांनी. इतका काटेकोर आकडा आला म्हणजे कोणीतरी वाट बघून बघून फोन ठेवतंय.

ऑफिसच्या अशा ॲपमध्ये कॉल जोडण्याचं काम एसआयपी नावाचा प्रोटोकॉल करतो. त्याचे सध्याचे मूळ नियम २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या दस्तऐवजात ठरले. एसआयपी आवाज नेत नाही, फक्त निरोप नेतो. समोरचा ‘इन्व्हाइट’ पाठवतो, आपला फोन ‘रिंगिंग’ कळवतो, आपण उचलला की ‘ओके’ जातो, आणि तो मिळाल्याची पोच म्हणून समोरून ‘ॲक’ येतो. ही पोच आली नाही तर उचलणारा फोन ‘ओके’ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. किती वेळ? नियमात मूळ एकक अर्ध्या सेकंदाचं आहे आणि त्याच्या ६४ पट वाट बघायची असते. म्हणजे बरोबर ३२ सेकंद. तेवढ्यात पोच नाही आली की फोन स्वतःहून कॉल संपवतो. तोवर आवाज दोन्ही बाजूंनी खणखणीत येत असतो, कारण आवाजाचा रस्ता वेगळा आहे. म्हणून तर माणसाला वाटतं नेट गेलं.

मग पोच कुठं हरवली? ‘ओके’ पाठवताना काकांचा फोन त्यात स्वतःचा पत्ता लिहितो, की पुढचे निरोप इथं पाठवा. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते. ती जाता-जाता हा पत्ता वाचते आणि आपल्या समजुतीप्रमाणे बदलते. घरातला खासगी पत्ता बाहेर चालत नाही, तो दुरुस्त करावा हा मूळ हेतू चांगलाच होता. पण बहुतेक स्वस्त राउटरमध्ये ही दुरुस्ती अर्धवट असते. आजकालचे सर्व्हर आणि ॲप पत्त्याची अडचण स्वतःच सोडवतात, त्यात हा तिसरा हात घालतो आणि पोच भलत्याच दाराशी जाते. आपण लावलेल्या कॉलमध्ये पोच आपल्याकडून सर्व्हरकडं जाते, सर्व्हरचा पत्ता सगळ्या जगाला माहीत असतो, म्हणून तो कॉल टिकतो. काकांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. मीच ते आधी नीट ऐकलं नव्हतं.

उपाय असा. वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला असतो. आत गेलात की ‘एएलजी’ शोधा. काही राउटरमध्ये तो सिक्युरिटीखाली असतो, काहींत ॲप्लिकेशनखाली किंवा नॅटखाली. त्यात एसआयपीसमोरची टिक काढा, सेव्ह करा आणि राउटर बंद करून चालू करा. मग ॲपमधून लॉगआउट होऊन परत लॉगिन व्हा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि जुनीच नोंद सर्व्हरवर राहते. फायबरवाल्यांनी दिलेल्या काही डब्यांत हा मेनूच ग्राहकाला दिसत नाही. अशा वेळी त्यांच्या माणसाला "एसआयपी एएलजी बंद करा" या नेमक्या शब्दांत सांगा. तेही जमत नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये ट्रान्सपोर्ट, म्हणजे निरोप नेण्याची पद्धत, यूडीपीवरून टीएलएसवर न्या, पोर्ट साधारण ५०६१. कंपनीच्या सर्व्हरवर टीएलएस चालू असायला हवं, ते आधी विचारून घ्या. टीएलएसमध्ये निरोप कुलूपबंद जातो. राउटरला तो वाचताच येत नाही, मग बदलणार काय?

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून फार गोंधळ होतो. ही टिक काढल्यानं व्हॉट्सॲपचा कॉल सुधारणार नाही. व्हॉट्सॲपचा निरोपाचा मार्ग त्यांचा स्वतःचा आहे, एसआयपीचा नाही.

उचलला, पण एकाच बाजूनं आवाज

"मला त्यांचं ऐकू येतंय, त्यांना माझं नाही." इथं निरोप पोचलाय, आवाज पोचलेला नाही. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलनं जातो. तो १९९६ सालचा, एसआयपीपेक्षा जुना.

पेठेतल्या जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. दिंडी दरवाजा एक, आत दहा बिऱ्हाडं. बाहेरच्या पोस्टमनला फक्त वाड्याचा नंबर माहीत, आतली खोली माहीत नाही. दारावरचा माणूस लक्षात ठेवतो की मघाशी तिसऱ्या खोलीतून पत्र गेलं होतं, म्हणजे हे उत्तर तिकडचंच. राउटरमधलं नॅट हेच करतं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, आतून काही गेलंच नसेल तर बाहेरून आलेलं दारातच परत जातं. दुसरी, दारावरचा माणूस थोड्या वेळानं विसरतो. यूडीपीच्या नोंदी निदान दोन मिनिटं ठेवाव्यात असं २००७ सालचा नियम सांगतो, पण बरेच राउटर अर्ध्या मिनिटातच पुसून टाकतात. ॲप सुरू केल्यावर थोडा वेळ येणारे कॉल व्यवस्थित वाजतात आणि नंतर एकही वाजत नाही, अशी तक्रार असेल तर कारण हेच. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘कीप अलाइव्ह’ असतं, ते २० ते २५ सेकंदांवर ठेवा. म्हणजे दारावरच्या माणसाला ॲप अधूनमधून आठवण करून देत राहतं.

एका बाजूनं आवाज येत असेल तर ॲपमध्ये ‘स्टन’ किंवा ‘आइस’ चालू आहे का बघा. स्टन म्हणजे बाहेरच्या एका सर्व्हरला विचारणं, की तुला मी कुठल्या पत्त्यावरून आलेला दिसतो? मिळालेला पत्ता फोन समोरच्याला कळवतो. दोन्हीकडचे दरवाजे फारच कडक असतील तर मग टर्न. एकमेकांचं घर सापडत नाही तेव्हा आपण दसरा चौकात भेटायचं ठरवतो, तसं दोन्ही फोन मधल्या सर्व्हरवर आवाज आणून ठेवतात. आइस या सगळ्या वाटा तपासून चालणारी वाट निवडतो. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल ज्या वेबआरटीसीवर चालतात त्यात हे आधीपासूनच असतं, म्हणून तिथं ही तक्रार कमी. एसआयपीच्या ॲपमध्ये मात्र या टिका बहुधा हातानं कराव्या लागतात.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्या नेट कंपनीनंही वर आणखी एक वाडा बांधलाय. दुहेरी नॅट. तिथं घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून काहीच साधत नाही. टर्न चालू करा किंवा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता, मिळतं का ते विचारा.

संध्याकाळी आवाज यंत्रासारखा होतो

हे सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं, आणि लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात तेही इथंच.

शिवाजी पेठेत एक आजी आहेत. नात जर्मनीत. रविवारी रात्री आठच्या सुमाराला नातीचा व्हिडिओ कॉल येतो. चित्र थांबायचं, आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायचा आणि आजी "हॅलो, हॅलो" करत राहायच्या. मुलानं १०० एमबीपीएस घेतलेलं, स्पीड टेस्टमध्ये ते पूर्ण दिसायचं. "जर्मनी लांब आहे, म्हणून असेल," असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. आजी मला म्हणाल्या, "बाळा, तिचं तोंड दिसलं नाही तरी चालंल, पण काय म्हणती ते तरी कळू दे."

जर्मनी इथून सहा-सात हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत धरलं तर पस्तीस मिलिसेकंद, तार वळणं घेत जाते म्हणून त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. बोलण्यात अडखळल्यासारखं होऊ नये म्हणून एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणजे लांबीचा दोष नव्हता. दोष सोप्यापासून माजघरापर्यंतच्या वीस पावलांत होता.

आवाजाला वेग फार लागत नाही. बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, म्हणजे सेकंदाला पन्नास तुकडे. जुन्या जी.७११ पद्धतीत वेष्टनासकट ८० केबीपीएस लागतात. २०१२ मध्ये आलेला ओपस कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवायची पद्धत, त्याहून बऱ्याच कमीत चांगला आवाज देतो. १०० एमबीपीएसच्या मानानं हे काहीच नाही. पण तुकडे वेळेवर यायला हवेत. उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो, कारण बोलणं पुढं गेलेलं असतं. म्हणूनच आवाज बहुधा यूडीपीवरून जातो, हरवलेलं परत मागत बसणाऱ्या टीसीपीवरून नाही. थोडं मागंपुढं झालं तर फोनमधला जिटर बफर, म्हणजे तुकडे क्षणभर थोपवणारी साठवण, सांभाळून घेतो, ओपस मागच्या तुकड्याची जुजबी नक्कल पुढच्यात ठेवू शकतो. त्यापलीकडं गेलं की आवाजाचं यंत्र होतं.

स्पीड टेस्टचा मोठा आकडा ही वेळ सांगत नाही, एकूण माल किती गेला ते सांगतो. म्हणून पिंग लावायचा, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं. मोबाइलवर पिंगचं कुठलंही मोफत ॲप घ्या आणि जिथं बसून बोलता तिथूनच आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा, बाहेर नाही. राउटरशेजारी उभं राहून हा आकडा दोन-पाच मिलिसेकंद येतो. आजींच्या माजघरात तो एकदा आठ, एकदा दोनशे, मधेच गायब, असा उड्या मारत होता. हा आकडा उड्या मारत असेल तर नेट कंपनीला फोन करू नका, बिघाड घरातला आहे. या वाड्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाडीच्या. मधे भिंतीत खोचलेला रिपीटर होता, आणि असा साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. मी रिपीटर काढला, सोप्यातून माजघरात लॅनची केबल ओढली आणि तिथं ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, बसवला. पिंग स्थिर झाला.

तरी रविवारी पुन्हा तक्रार आली. मग बाहेरच्या ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावला. दुपारी पंचवीस, संध्याकाळी सहाशे. दारातले दोन सीसीटीव्ही कॅमेरे रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होते. संध्याकाळी गल्लीत वर्दळ वाढली की हालचाल जास्त, म्हणून चढवणंही जास्त, आणि त्यांच्या प्लॅनमध्ये अपलोड अगदी तोकडा. अशा वेळी राउटर तुकडे फेकत नाही, रांगेत उभे करतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आठवा. हातात फक्त एक फूल घेऊन आलेला माणूसही त्याच रांगेत. तो आत पोचतो, पण आरती होऊन गेल्यावर. आवाजाच्या तुकड्यांचं तेच होत होतं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आम्ही मेमरी कार्डावर वळवलं, क्लाउडवर फक्त छोट्या क्लिप ठेवल्या, आणि राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाला किती वाट द्यायची ते ठरवणाऱ्या मेनूत, अपलोडला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा दहा टक्के कमी मर्यादा घातली. त्यानं रांग राउटरच्या ताब्यात राहते. १०० चा प्लॅन पुढच्या महिन्यात ५० वर आणला. आजींना फरक कळला नाही, म्हणजे काम बरोबर झालं.

तुमच्याकडं कॅमेरे नसतील तर फोटोंचा बॅकअप बघा. घरातले चार मोबाइल वायफायवर आले की रात्री एकदम फोटो चढवायला लागतात.

बाकीचे आकडे

स्क्रीन बंद असताना रिंगच वाजत नाही आणि फोन उघडला की चार मिस्ड कॉल एकदम दिसतात, यात नेटचा काही दोष नाही. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की डोझ अवस्थेत जातो आणि ॲप झोपवतो. त्या ॲपची बॅटरी सेटिंग ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी टिक असते, तीही द्या.

दर पंधरा मिनिटांनी तुटतो? एसआयपीत सेशन टायमर असतो, शिफारस केलेली मुदत १८०० सेकंद, आणि तिच्या निम्म्यावर ‘अजून आहात ना?’ अशी विचारपूस होते. ती विचारपूस राउटरमध्ये अडकली की गडबड होते. आधी वरचीच एएलजीची टिक बघा, मग एक्स्चेंजवाल्यांना टायमरबद्दल सांगा.

घरातून बोलत बोलत रस्त्यावर गेलं की तुटतो, तर वायफायचा पत्ता सुटून मोबाइल डेटाचा नवा पत्ता मिळतो तेव्हाचा हा खड्डा आहे. चांगली ॲप दोन-चार सेकंदांत नवी वाट शोधतात. निघायच्या आधीच वायफाय बंद करून कॉल लावणं सोपं.

फोनच्या नेहमीच्या डायलरमधलं वायफाय कॉलिंग ऑफिसमध्ये चालत नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपीची ५०० आणि ४५०० ही पोर्ट उघडी आहेत का ते बघा, कारण तो कॉल सिमकंपनीपर्यंत कुलूपबंद बोगद्यातून जातो. होस्टेलच्या वायफायवर ॲप नुसतं ‘कनेक्टिंग’ दाखवतं आणि मोबाइल डेटावर लगेच लागतं, तर तिथं यूडीपी बंद केलंय असं समजा. ते वायफायवाल्यांनीच उघडायला हवं.

मला मेसेज कराल तेव्हा एवढं लिहा: कोणतं ॲप, आलेला कॉल की लावलेला, वायफाय की डेटा, कितव्या सेकंदाला तुटला, आणि तीन वेळा करून बघितलं तर तिन्ही वेळचे आकडे. एकदाच मोजलेल्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही.

आणि हे दुखणं उलटतं, हेही लक्षात असू द्या. कोल्हापुरात पावसाळ्यात विजेनं राउटर जळतात, नवा येतो, नव्यात एएलजी बहुधा चालूच असतं. फॅक्टरी रिसेट झाला की जुन्यातही टिक परत येते. गेल्या पावसाळ्यात उद्यमनगरातल्या काकांचा राउटर असाच गेला. नवा बसल्यावर त्यांनीच पुण्याहून तीन कॉल करून घेतले, घड्याळ लावलं आणि मला फोन केला: "बत्तीस, बत्तीस, बत्तीस. कुठली टिक काढायची तेवढं सांग." मी त्या वेळी शिरोलीत शिडीवर होतो. फोनवरच मेनू सांगितला, आणि शिडीवरून उतरायच्या आधी त्यांचा पुढचा कॉल पाच मिनिटं चालून झाला होता.